लिस्बनच्या प्रेमात माणसं का पडतात

दरवर्षी मे महिन्यात मुंबई-पुण्याला शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते आणि शाळेतली मुलं मैदानात काठी रोवून ती गंमत बघायला जमतात. लिस्बनमध्ये असा दिवस कधीच येत नाही. पोर्तुगालची ही राजधानी कर्कवृत्तापासून बरीच उत्तरेला, ३८.७ अक्षांशावर आहे. तिथला सूर्य जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशीसुद्धा थोडा दक्षिणेला कललेलाच असतो, आणि डिसेंबरात तर ऐन दुपारी क्षितिजापासून जेमतेम २८ अंश वर चढतो.

आता शहराच्या दक्षिणेला काय आहे ते बघा. तिथे तेजो नदी आहे. अटलांटिकला मिळण्याआधी ही नदी एवढी पसरते की शहराच्या पूर्वेकडच्या तिच्या पात्राला लोक समुद्रच म्हणतात, 'पेंढ्याचा समुद्र'. म्हणजे सूर्य दक्षिणेला, खाली पाण्याचा भलाथोरला आरसा, आणि त्या आरशाकडे तोंड करून, जत्रेतल्या फडात माणसं उतरणीवर बसावीत तसं बसलेलं शहर. ऊन इथे दोनदा पोचतं, एकदा आकाशातून आणि एकदा पाण्यावरून. घरं फिकट पिवळी, गुलाबी, पांढरी. पदपथ पांढऱ्या चुनखडीचे, लाखो तळव्यांनी घासून गुळगुळीत झालेले. भिंतींवर झिलई दिलेल्या फरश्या. उजेड जिथे पडेल तिथून पुन्हा उसळतो. त्यात उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा वाहतो आणि हवेतला धुरकटपणा झाडून नेतो. म्हणून तिथले रंग धुऊन वाळत घातल्यासारखे दिसतात. सूर्य तिरका असल्यामुळे सावल्या लांब पडतात, खिडकीची प्रत्येक चौकट, कमानीचा प्रत्येक दगड उठून दिसतो. साध्या मोबाइलवर काढलेला फोटोही तिथे चांगला येतो, त्याचं श्रेय बऱ्याच अंशी या तिरप्या उन्हाला आहे.

पर्यटक याला लिस्बनची जादू म्हणतात. मला त्यातली भूमिती कळल्यावर तो उजेड जास्तच आवडायला लागला.

उजेड निसर्गाने दिला. बाकीचं माणसांनी केलं, आणि तिथेच खरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. लिस्बनमध्ये आपण ज्या ज्या गोष्टीवर भाळतो, त्यातल्या बहुतेक कुणाला भाळवायला केलेल्याच नव्हत्या. त्या कुठल्या ना कुठल्या अडचणीवर काढलेल्या तोडी होत्या. त्या नीट समजून घ्यायच्या तर सगळ्यात मोठ्या अडचणीपासून सुरुवात करावी लागते.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाचा दिवस. सकाळी साडेनऊचा सुमार, चर्चेस माणसांनी भरलेली, वेदींवर मेणबत्त्या तेवत असलेल्या. त्या क्षणी जमीन हलायला लागली आणि काही मिनिटं हलतच राहिली. आजचे शास्त्रज्ञ त्या भूकंपाची तीव्रता साडेआठच्याही पुढे धरतात. पडणाऱ्या घरांपासून वाचलेली माणसं नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावली, आणि तिथे त्यांना गाठलं ते समुद्राकडून आलेल्या लाटांनी. मेणबत्त्या आणि चुली उलटून लागलेली आग पुढे काही दिवस जळत राहिली. हजारो, कदाचित तीस-चाळीस हजार माणसं गेली. नदीकाठचा राजवाडा त्याच्या ग्रंथालयासकट नाहीसा झाला. राजा दों जुझे त्या दिवशी शहराबाहेर बेलेमला होता म्हणून वाचला, पण दगडी छपराची त्याने अशी धास्ती घेतली की १७७७ मध्ये मरेपर्यंत तो आजुडाच्या टेकडीवर लाकूड आणि कापडाच्या राजवाड्यातच राहिला.

राज्य सावरलं ते त्याच्या मंत्र्याने, सेबास्तियांव जुझे द कार्व्हालो इ मेलो याने. पुढे तो मार्केस द पोम्बाल म्हणून ओळखला गेला. हा माणूस कठोर होता, विरोधकांच्या बाबतीत तर क्रूर. पण त्या संकटात त्याने एक विलक्षण गोष्ट केली. देशभरातल्या धर्मगुरूंकडे त्याने प्रश्नावली पाठवली. धक्के किती वेळ बसले? समुद्र आधी ओसरला की चढला? जमिनीला भेगा पडल्या का, त्यातून काय बाहेर आलं? माणसं किती दगावली? हा देवाचा कोप आहे असं सगळे म्हणत असताना कुणीतरी नोंदी मागवत होतं. भूकंपशास्त्राच्या इतिहासात त्या उत्तरांना आजही मान आहे.

शहर उभारायचं काम मानुएल द माया या लष्करी अभियंत्याकडे आलं. त्याचं वय तेव्हा ७८ होतं. त्याने राजापुढे पर्याय मांडले: होतं तसंच बांधायचं, रस्ते रुंद करून बांधायचं, किंवा ढिगारा सपाट करून पूर्ण नव्याने आखायचं. एक पर्याय शहरच दुसरीकडे हलवण्याचाही होता. ठरलं ते नव्याने आखायचं. एउजेन्यु दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल या दोघांनी नदीकाठचा सखल भाग, ज्याला बायशा म्हणतात, सरळ उभ्या-आडव्या रस्त्यांचा आखला.

तिथल्या घरांच्या भिंतींत एक गोष्ट दडलेली आहे, ती बाहेरून दिसत नाही. प्रत्येक इमारतीच्या आत लाकडाचा सांगाडा आहे, चौकटीत फुलीसारखे आडवे-तिरपे वासे घातलेला. त्याला म्हणतात गायोला, म्हणजे पिंजरा. दगडी भिंतीला हादरा बसला की ती तडकते, कारण तिला वाकता येत नाही. लाकूड वाकतं, करकरतं, पुन्हा जागेवर येतं. दगड-विटांचा भराव या पिंजऱ्याच्या खणांत घातला, म्हणजे भराव निखळला तरी घर उभं राहावं. हा सांगाडा तपासायला चौकात नमुना उभा करून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. शिवाय आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दोन इमारतींच्या मध्ये छपराच्या वर जाणाऱ्या भिंती. खाली जमीन दलदलीची, म्हणून पाइन लाकडाचे खुंट ठोकून त्यावर पाया. ते खुंट भूजलात बुडालेले असल्यामुळे कुजत नाहीत; बायशातल्या एका बँकेच्या तळघरात ते आज बघायला मिळतात, आणि त्यांच्या शेजारी रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या. दारं-खिडक्या, कठडे ठरावीक मापाचे आधीच बनवून आणायचे आणि जागेवर बसवायचे. आज आपल्याला बायशाचा जो शांत एकसारखेपणा सुंदर वाटतो, तो या घाईतून आणि काटकसरीतून आलेला आहे. नक्षीकामाला ना वेळ होता, ना पैसा.

रस्त्यांना नावं धंद्यांची दिली. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. आपल्याकडे तांबट आळी, बुरूड आळी असते तसंच. नदीकडच्या मोठ्या चौकाचं अधिकृत नाव 'व्यापार चौक', पण जुनी माणसं अजून त्याला तेरेइरु दु पासु म्हणतात, राजवाड्याचं अंगण. राजवाडा जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली. नाव गेलं नाही.

आणि याच बायशाच्या पूर्वेला, चालत पाच-सात मिनिटांवर, अल्फामा आहे. हा भाग पक्क्या खडकाच्या टेकडीवर असल्यामुळे भूकंपात बराचसा टिकला. नाव अरबी, उष्ण झऱ्यांवरून पडलेलं. ११४७ पर्यंत इथे मुसलमान राज्य होतं आणि गल्ल्यांची आखणी त्या काळाची आठवण देते. गल्ली कुठे जाईल ते सांगता येत नाही, कधी जिना होते, कधी कुणाच्या दारात संपते. घरं लहान, अंगण नाही, म्हणून कपडे खिडकीबाहेर दोरीवर. आखीव बायशातून या गुंत्यात शिरताना होणारा बदल हेच लिस्बनमध्ये पायी फिरण्याचं मोठं सुख आहे. एकट्या बायशात दोन दिवसांत कंटाळा आला असता, एकट्या अल्फामात दमछाक झाली असती. दोन्ही शेजारी आहेत, कारण एका भागाखाली गाळ होता आणि दुसऱ्याखाली खडक.

दमछाक तरीही होतेच. लिस्बन सात टेकड्यांवर वसलंय असं पुस्तकात असतं; चालताना सात नक्कीच वाटत नाहीत, जास्त वाटतात. पण या चढाचा प्रवाशाच्या मनावर होणारा परिणाम कुणी फारसा सांगत नाही. सपाट शहरात आपण चालत सुटतो. इथे दर दहा मिनिटांनी थांबावं लागतं. आणि थांबायला जागा असते: टेकडीच्या कडेला एक सपाट गच्ची, दोन झाडं, बाक, कॉफीची टपरी आणि समोर छपरांच्या पायऱ्या उतरत नदीपर्यंत. याला मिरादोरु म्हणतात. ग्रासा, सांता लुझिया, सेन्योरा दु मोंत, अशी कितीतरी. ज्या शहरात आपण बसतो ते शहर लक्षात राहतं. नुसतं पाहिलेलं विसरतो. लिस्बन तुम्हाला बसायला लावतं. शिवाय चढउतारामुळे समोरचं एकदम दिसत नाही. वळणावर भिंत, भिंतीपलीकडे जिना, जिन्याच्या टोकाला अचानक निळं पाणी. दर वळणाला काहीतरी उघडत जातं, आणि ते आपणच शोधून काढलं असं वाटतं. प्रेमात पडायला ही भावना पुरेशी असते.

याच चढांमुळे ट्राम आल्या. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम आज शहराची खूण झाली आहे, पण तिचं रूप हौसेचं नाही. रुळांमधलं अंतर फक्त ९० सेंटीमीटर, वळणं इतकी अरुंद की भिंत हाताला लागेल. आधुनिक लांबलचक ट्राम तिथे वळूच शकत नाही. म्हणून १९३० च्या दशकातले लाकडी डबेच ठेवले आणि १९९० च्या दशकात त्यांना नवी मोटर बसवली. फार उभ्या चढांवर केबलने ओढले जाणारे डबे आले: लाव्रा १८८४ मध्ये, ग्लोरिया १८८५ मध्ये, बिका १८९२ मध्ये. दोन डबे एकाच केबलला बांधलेले, एक उतरतो तेव्हा त्याच्या वजनाने दुसरा चढायला मदत होते, विहिरीच्या रहाटाला दोन पोहरे बांधावेत तसं. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरियाची केबल सुटली, डबा उतारावरून खाली कोसळला आणि १६ माणसं गेली. त्या डब्यात शहरातली कामाला जाणारी-येणारी माणसं होती आणि परदेशी पाहुणेही. जुन्या गोष्टी देखण्या असतात म्हणून त्यांची काळजी कमी घेऊन चालत नाही, हे लिस्बनने फार मोठी किंमत देऊन अनुभवलं.

पायाखालच्या दगडांचीही अशीच कथा. काळ्या-पांढऱ्या दगडांचे चौकोनी तुकडे हाताने बसवून केलेल्या पदपथांना काल्सादा म्हणतात. १८४२ मध्ये साओ जॉर्ज किल्ल्यात, तिथल्या अधिकाऱ्याने बेड्या घातलेल्या कैद्यांकडून नागमोडी नक्षीची अशी फरसबंदी करून घेतली. लोक बघायला यायला लागले, आणि काही वर्षांत रोसियु चौकात लाटांची मोठी नक्षी अंथरली गेली. रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर जगभर ओळखली जाणारी लाट तीच. पाऊस पडला की हे दगड निसरडे होतात, म्हाताऱ्या माणसांची त्यावरून तक्रार असते आणि ती खरी आहे. दगड बसवणारे कारागीर कमी होत चालले म्हणून महापालिकेने त्यांच्यासाठी शाळा काढली.

भिंतीवरच्या फरश्या म्हणजे आझुलेझु. शब्द अरबी, 'घासून चकचकीत केलेला लहान दगड' अशा अर्थाचा. आधी त्या राजवाड्यांत आणि मठांत आत लागायच्या. एकोणिसाव्या शतकात त्या घराबाहेर आल्या, आणि यात ब्राझीलहून परतलेल्या लोकांचा वाटा मोठा होता. तिथल्या धो-धो पावसात त्यांनी फरश्यांचा उपयोग पाहिला होता: भिंतीला ओल धरत नाही, उन्हात घर कमी तापतं, रंग द्यावा लागत नाही, पाण्याने धुतलं की झालं. म्हणजे ओलीवरचा इलाज, आणि तो इतका सुंदर की आता चोर त्या उपटून बाजारात विकतात. फरश्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुमारे २३ मीटर लांबीचा एक पट आहे, भूकंपाआधीच्या लिस्बनचा, इसवी सन १७०० च्या आसपासचा. गेलेल्या शहराचं एवढं मोठं चित्र जळून जाणाऱ्या कापडावर नव्हे, भाजलेल्या मातीवर राहिलं, हे मला फार बरं वाटतं.

हे सगळं टिकलं कसं? दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, शहरावर बाँब पडले नाहीत. सालाझारच्या हुकूमशाहीत देश गरीब राहिला, पाडून नवं बांधायला पैसे नव्हते. घरभाडी अनेक दशकं गोठवलेली होती, त्यामुळे मालक दुरुस्ती करत नव्हते पण भाडेकरूही जुन्याच जागी राहिले. पागडीच्या चाळी पाहिलेल्या मुंबईकराला हे चित्र लगेच समजेल. एप्रिल १९७४ मध्ये सैनिकांच्या बंदुकीत कार्नेशनची फुलं खोवून हुकूमशाही गेली. जुनं शहर मात्र तसंच होतं, पोपडे उडालेलं आणि जिवंत.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक कारण असतं: ओळखीचं काहीतरी भेटल्याचं. पाव, बटाटा, चावी, लिलाव, नाताळ हे शब्द याच बंदरातून निघालेल्या जहाजांनी आपल्याकडे आले. बेलेमचा बुरुज बांधला जात असताना, १५१५ च्या मे महिन्यात, तिथे एक गेंडा उतरला. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला, गोव्याहून जहाजाने पाठवलेला. युरोपने कित्येक शतकांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. बुरुजाच्या एका मनोऱ्याखाली त्याचं दगडी मुंडकं आहे, वाऱ्यापाण्याने झिजलेलं. शेजारच्या जेरोनिमोस मठाचं कोरीवकाम पाहून माणूस थक्क होतो. तो मठ आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून उभा राहिला. त्या दगडात आपल्याकडच्या व्यापाराचा पैसा आहे. आत वास्को द गामाची कबर आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन, चर्चचं ते धर्मन्यायालय, आठवत तिथे उभं राहणं सोपं नाही, आणि ते सोपं असूही नये. तरी याच शहराने मडगावशी नातं सांगणारा आंतोनियो कोस्ता आठ वर्षं महापौर म्हणून पाहिला, पुढे तो देशाचा पंतप्रधान झाला. 'ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायला नको' अशी जुनी पोर्तुगीज म्हण आहे. जुन्या गोव्याच्या चर्चेसमधून हिंडलेल्याला ती उलट्या दिशेनेही पटते.

खाण्याबद्दल थोडक्यात: बेलेमला १८३७ पासून मिळणारी अंड्याच्या पिवळ्याची कुरकुरीत पेस्ट्री, उभ्याने घ्यायची लहान कडक कॉफी जिला तिथे बिका म्हणतात, आणि जूनमध्ये संत आंतोनियोच्या सणाला गल्लीगल्लीत निखाऱ्यावर भाजले जाणारे तारले. त्या सणाला प्रियजनांना तुळशीच्या जातीचं, बारीक पानांचं रोप कुंडीतून देतात, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोवून. पानांचा वास नाक लावून घ्यायचा नाही. तळहात वर फिरवायचा आणि हात हुंगायचा.

आणि फादो. अल्फामा आणि मोरारियाच्या गरीब वस्त्यांत, खलाशी आणि मजुरांच्या गुत्त्यांत रुजलेलं हे गाणं. एक आवाज, बारा तारांची पोर्तुगीज गिटार, सोबतीला साधी गिटार. त्याच्या मुळाशी 'सौदाद' नावाची भावना आहे, जिचं भाषांतर होत नाही असं पोर्तुगीज अभिमानाने सांगतात. मराठीत 'हुरहूर' तिच्या बरीच जवळ जाते, असं मला वाटतं. समुद्रावर गेलेला परत येईल की नाही हे न कळणाऱ्या घरांत ही भावना रोजची होती. गाणं सुरू होण्याआधी दिवे मंद करतात आणि कुणीतरी सांगतं, शांतता, आता फादो गायचा आहे. ताटवाटीचा आवाजसुद्धा थांबतो. शब्द न कळणारा पाहुणा त्या शांततेत बसतो आणि त्याला आपलीच काहीतरी राहून गेलेली गोष्ट आठवते.

आता शहरापुढे नवी अडचण आहे, आणि ती या प्रेमातूनच आली. २०१२ नंतर भाड्यांवरचे निर्बंध सैल झाले, परदेशी गुंतवणुकीला दारं उघडली, आणि अल्फामातली घरं एकामागून एक पर्यटकांच्या खोल्या झाली. १९८१ मध्ये शहराच्या हद्दीत ८ लाखांवर माणसं राहत होती; २०२१ मध्ये ती सुमारे ५ लाख ४५ हजार उरली. त्यातली बरीच आधीच उपनगरांत गेली होती, पण आता जी जातात त्यांना शहरात राहायचं असूनही भाडं परवडत नाही. दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढणाऱ्यांची संख्या वाढते आहे, दोरीवर कपडे घालणाऱ्यांची कमी होते आहे. लिस्बनला जाणाऱ्याने निदान राहण्याची जागा निवडताना हे मनात ठेवावं. हॉटेलात राहावं, गल्लीतल्या घरात नको.

मोरारियात एक अरुंद गल्ली आहे, बेकु दाश फारिन्याश. तिथल्या भिंतींवर चित्रं किंवा जाहिराती नाहीत. त्या वस्तीतल्या वयस्क रहिवाशांची काळी-पांढरी छायाचित्रं थेट चुन्यावर उमटवली आहेत, साधारण माणसाच्या उंचीला, त्यांच्या त्यांच्या दारांच्या आसपास. कुणी एप्रन बांधलेली, कुणी टोपी घातलेला. चढ चढून धापा टाकत तुम्ही तिथे थांबता, आणि दुपारचं तिरपं ऊन एकेका चेहऱ्यावरून सरकत जाताना दिसतं.